हात न लावता मोजलेलं प्रवाळ

मंडळी, आज दुपारी पुतणी मालवणहून धरणगावला आली. समुद्रातलं प्रवाळ किती वाढलं, हे ती नुसते फोटो काढून मोजते म्हणे!

तिने मागच्या वर्षीचा आणि यंदाचा फोटो दाखवला. मला वाटलं, यंदा कॅमेराच जवळ नेला असणार.

"काका, दोन्हीत शेजारी तीच मोजपट्टी आहे."

पट्टी तीच, पण प्रवाळ तेच कशावरून?

कापूस पिकवणारे आमचे नानाही म्हणाले, "हात लावाशिवाय काय समजस?"

"नाना, बाजारात प्रत्येक व्यापारी तुमच्या गाडीतून मूठभर कापूस उपसून धागा बघतो. परत ठेवतो का? प्रवाळही हात लावला की असंच थोडं थोडं तुटत जातं," पुतणी म्हणाली.



माझा संशय अजून आहेच. पण खरं सांगा, आपल्या हातांवर कधी कुणी संशय घेतलाय?