झाडात ओवलेलं पुस्तक

पुस्तकाला भोक पाडणाऱ्या माणसाबद्दल मला चांगलं बोलता येत नाही. प्रयत्न करून पाहिला, जमत नाही.

पण आधी एक सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही मला कृतघ्न म्हणाल. गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनीपासून आत, जंगलाच्या कडेला जे रिसॉर्ट आहे, तिथल्या स्वयंपाकघरात मी कामाला आहे. मी मूळची नगरकडची. ज्या वसतिगृहात स्वयंपाक करायला म्हणून इतक्या लांब आले होते, ते बंद पडलं. तेव्हा इथल्या मॅनेजर साहेबांनी मला ठेवून घेतलं. आठवीतून शाळा सोडलेली बाई, ओळखीचं कुणी नाही, तरी एक कागद विचारला नाही. डाळ करायला लावली, चाखली आणि राहायला खोली दिली. त्यांचं मीठ खाते, हे मी विसरत नाही. म्हणूनच त्या भोकाचा राग मला इतके दिवस गिळता येईना आणि थुंकताही येईना.

माझ्या हाताखाली म्हणा, बरोबरीनं म्हणा, एक मावशी आहे. भाजी निवडते, कांदे चिरते, भांड्यांकडे बघते. ती इथल्याच जंगलपट्टीतली. तिच्या घरी नाताळ नाही, पण माझ्या नाताळाची काळजी माझ्यापेक्षा तिलाच जास्त. त्याचं कारण पुस्तक.

आमच्या घरी नाताळ म्हणजे रहस्यकथा. हे ऐकून लोक हसतात, पण तसंच होतं. वडील साखर कारखान्यात होते. कामट्यांची चांदणी करून तिला पतंगाचा कागद लावला आणि ती दारावर टांगली, की त्याच दिवशी ते तालुक्याच्या वाचनालयातून एक खुनाची गोष्ट आणायचे. आई करंज्या लाटायची, आम्ही पोरं सारण भरायचो आणि वडील स्टोव्हजवळ बसून मोठ्यानं वाचायचे. कॅरल गात येणारी मंडळी ढोलकी बाजूला ठेवून एक प्रकरण ऐकून जायची. चर्चचे पाळक साहेब तर चहा झाला तरी उठायचे नाहीत.

त्यात एक नियम होता. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं. प्रत्येकानं खुनी कोण ते मोठ्यानं सांगायचं आणि मग नाव बदलायचं नाही. शेवट वाचायचा तो नाताळाच्या दिवशी, जेवणं झाल्यावर. आणि ऐकायचा फक्त त्यांनी, ज्यांनी पहिल्यापासून ऐकलंय आणि नाव सांगितलंय. एकदा मुंबईचे काका ऐन सणाला आले, तर आईनं त्यांना करंज्यांचं ताट देऊन ओट्यावर बसवलं आणि दार लावून घेतलं. काका पुढच्या वर्षी लवकर आले.

शाळा सुटली तेव्हा आई आजारी होती. पण वाचणं सुटलं नाही ते या खुनांमुळे.

मागच्या डिसेंबरात इथून जवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात, जुन्या मासिकांच्या ढिगात मला एक तसंच पुस्तक मिळालं. पानं पिवळी, कव्हरवर हॅट घातलेल्या माणसाची सावली. गोष्ट एका वकिलाची. तो आपल्याच घरात मेलेला सापडतो. घरात त्याची दुसरी बायको, पुतण्या, रोज येणारा डॉक्टर आणि कारकून. दुपारी पाहुणे जेवून गेले, की मी मावशीला वाचून दाखवायची.

"वाच ना वो बाई. त्या डाक्टरचं काय झालं?"

"मावशी, डाळ लागेल खाली."

"डाळीले मी पायतो. तू वाच."

तिचा संशय पहिल्या दिवसापासून डॉक्टरवर. "मेलेल्याच्या घरी बसून चहात साखर कमी हाये म्हणते. असा माणूस चांगला राहते का?" मला मात्र पुतण्या वाटत होता. तो फार गोड बोलायचा. आम्ही नावं सांगून टाकली, शेवटच्या प्रकरणाशी खूण म्हणून हळदीच्या पुडीचा कागद घातला आणि पुस्तक पिठाच्या डब्यावर ठेवलं. आता वाट पंचवीस तारखेची. घरापासून इतकी वर्षं लांब राहून पहिल्यांदा माझा नाताळ नाताळासारखा होणार होता.

त्याच आठवड्यात नागपूरहून सजावट करणारी मुलगी आली. साहेब म्हणाले, यंदा थीम आहे, जुन्या काळचा नाताळ.

कुणाचा जुना काळ, ते मला अजून कळलेलं नाही. अंगणातल्या मोहाच्या झाडाला कापूस चिकटवला. तो बर्फ. थर्माकोलची विलायती शेकोटी केली, तिच्यात लाल बल्ब. एक बंद पडलेला ग्रामोफोन आणला आणि त्याच्यामागे मोबाइल लपवून गाणी लावली. धानाच्या मुलखात, जिथं दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो, तिथं कापसाचा बर्फ. मी म्हटलं, असू दे. पाहुण्यांना हौस, आपल्याला काय. मग त्या मुलीनं रद्दीवाल्याकडून आणलेली दोन पोती उघडली.

त्यात पुस्तकं होती. कुठल्यातरी बंद पडलेल्या वाचनालयाची. शिक्के दिसत होते. आणि त्यातली कितीतरी माझ्याच जातीची, खुनाची आणि दरोड्याची, छोटी छोटी, खिशात मावणारी. मला वाटलं, टेबलावर मांडणार असतील, पाहुण्यांना वाचायला. मी मनातल्या मनात त्या मुलीला आशीर्वादही दिला. पण सुताराला बोलावून तिनं एकेका पुस्तकाच्या मधोमध ड्रिलनं भोक पाडून घेतलं. मग लोखंडी सळई उभी करून पुस्तकं तिच्यात कबाबासारखी ओवली, खाली मोठी, वर लहान. झालं ख्रिसमस ट्री. वर चांदणी आणि भोवती दिव्यांची माळ.

हे सगळं ओवलं गेलं त्या रविवारी मी प्रार्थनेला गोंदियाला गेले होते. परत आले तर पिठाच्या डब्यावर पुस्तक नाही.

"ते पोरगी चहा प्याले आली होती," मावशी म्हणाली. "हातात घेऊन पायलन अन् नेलन. मले वाटलं, तुले इचारून नेऊन रायली."

मी हॉलमध्ये गेले. चांदणीच्या खाली तिसरं. हॅटवाल्या माणसाचं डोकं तेवढं बाहेर, छातीतून सळई गेलेली, आणि माझ्या हळदीच्या कागदाचं टोक बाजूनं बाहेर आलेलं.  उचलून फेकून द्यावं ते झाड असं वाटलं, आणि लगेच खोली आठवली, डाळ आठवली. मी साहेबांकडे गेले.

"ताई, ते आता निघणार नाही," ते म्हणाले. "वर स्टार आहे, लाइटिंग आहे. ती मुलगी पण नागपूरला गेली. एक तारखेनंतर घ्या ना."

"नाताळ पंचवीसला आहे, साहेब."

"अब एक किताब के लिए पूरा झाड खोलू काय?" ते हसले. वाईट मनानं नाही. "आणि तसंही, सणासुदीला खूनबिन कायले वाचता? काही चांगलं वाचावं."

हे मला लागलं. भोकापेक्षा जास्त लागलं. ज्या पाळक साहेबांनी माझा बाप्तिस्मा केला, ते नाताळाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या स्टोव्हजवळ बसून खुनी शोधायचे. आणि नाताळाच्या गोष्टीत तरी काय आहे? एक राजा लेकरं मारायला माणसं पाठवतो, आणि आई-बाप बाळाला घेऊन रातोरात पळतात. ते वाचायचं, आणि वकिलाचा खून वाचला की पाप? माझा सण मला शिकवायला निघाले होते. पण हे सगळं मी म्हणाले नाही. "बरं साहेब" म्हणाले आणि कणीक मळायला गेले. त्या दिवशीच्या पोळ्या वातड झाल्या.

चोवीस तारखेला संध्याकाळी हॉल भरलेला होता. चहा-भजी चालू होती. साहेबांनी मला हाक मारली. मी हात पुसत गेले.

"ही आमची ताई. ओरिजनल," ते पाहुण्यांना म्हणाले. "जुना नाताळ हिला विचारा."

शाल घेतलेल्या एक वयस्क बाई पुढे सरकल्या. "काय करायचात हो तुम्ही लहानपणी?"

मी चांदणीचं सांगितलं, करंज्यांचं सांगितलं. सगळे माना डोलावत होते, दोघा-तिघांनी मोबाइल वर धरले होते. मला तिथंच थांबता आलं असतं. पण समोर ते झाड लुकलुकत होतं आणि त्या कागदाचं टोक दिसत होतं.

"आणि खुनाच्या गोष्टी वाचायचो," मी म्हणाले. "या वर्षी पण वाचत होतो. ते पुस्तक या झाडात घातलंय. वरून तिसरं. शेवट वाचायचा राहिलाय."

 शालवाल्या बाई उठून झाडाजवळ गेल्या, चष्मा वर करून पाहिलं. "अहो, याला भोक पाडलंय."

"रीसायकल आहे मॅडम," साहेब म्हणाले.

"त्यांचं पुस्तक त्यांना काढून द्या."

पाहुण्यांचं म्हणणं साहेब मोडत नाहीत. स्टार निघाला, माळ निघाली, वरची दोन पुस्तकं निघाली. जे माझ्यासाठी होत नव्हतं ते चहाचा कप संपायच्या आत झालं, याचाही राग आलाच. पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि साहेबांचा चेहरा एकदम उजळला.

"चला, ताई आता इथंच सगळ्यांना शेवट वाचून दाखवतील. मर्डर मिस्ट्री नाइट!"

टाळ्या पडल्या. खुर्च्या ओढल्या गेल्या. एकानं शेकोटीचा बल्बही लावला. मी पुस्तक धरून उभी.  वाचलं असतं तर सगळे खूश झाले असते, माझी नोकरीही आणखी पक्की झाली असती. पण मग उद्यासाठी काय उरलं असतं?

"नाही साहेब," मी म्हणाले. "पहिल्यापासून ऐकलं नाही त्यांनी शेवट ऐकायचा नसतो. आमच्याकडे तसं नसतं."

दारातून मावशीचा आवाज आला. ती केव्हा येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "यायले कोण मेला ते बी मालूम नाही, अन् कोणं मारलन ते आयकाले बसले."

शालवाल्या बाईंना जोरात हसू आलं. मग बाकीचेही हसले. साहेब हसले नाहीत. "ठीक आहे ताई. जा," म्हणाले. हे 'जा' कुठल्या प्रकारचं, याचा विचार करत मी अंथरुणावर पडले. पेटी भरायला घ्यावी का, इथपर्यंत माझं मन जाऊन आलं. सकाळी साहेबांनी नेहमीसारखा चहा मागितला आणि "हॅपी ख्रिसमस" म्हणाले. मी त्यांच्या चहात जास्त आलं घातलं.

पंचवीसला पाहुण्यांची जेवणं आटोपली आणि आम्ही दोघी मागच्या अंगणात उन्हात बसलो. प्रत्येक पानाच्या मधोमध रुपयाएवढं भोक. दर पानाला दोन-चार ओळींतले शब्द गेलेले. तिथं आलं की मी थांबायची.

"भोकात काय होतं?"

"माहीत नाही, मावशी."

"अंदाजानं सांग."

"अंदाजानं नाही सांगणार. कुणावर तरी उगीच आळ येईल."

हे तिला पटलं. खुनी निघाला कारकून. डॉक्टर नाही, पुतण्याही नाही. मी पुस्तक मिटलं. मावशी माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच वकिलाला मारलं.

"कारकून? त्यानं त फक्त दार उघडलन होतं."

"तोच निघाला."

"लबाडी हाये ही. लिवणारा लबाड हाये. कुठी सांगतलन त्यानं, कारकुनाच्या मनात असं हाये म्हणून? पयल्यापासून वाच. मले पायचं हाये."

"मावशी, संध्याकाळची भाजी व्हायचीय."

"भाजीले काय होते? वाच."

मी पहिलं पान काढलं. तिथंही भोक होतंच. वकिलाच्या घराची बेल वाजते आणि कारकून दार उघडायला जातो, एवढं वाचून झालं होतं, तेवढ्यात आतून साहेबांनी हाक मारली.

"आले साहेब," मी म्हणाले आणि पान संपेपर्यंत उठले नाही.