कपाटाच्या दारापाशी

पूल संपेपर्यंत थोरलीची गोष्ट तिसऱ्यांदा कपाटाच्या दारापाशी येऊन अडकली. कठड्याला टेकून, तोंडावर रुमाल दाबून ती उभी राहिली. खांदे गदगदा हलत होते. एका सायकलवाल्याला वाटलं, बाईंवर काही आभाळ कोसळलंय. त्याने ब्रेक दाबला आणि धाकटीकडे पाहिलं. धाकटीने हातानेच खूण केली, काही नाही, जा तू.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. जायचं होतं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वाचनालयात. बस होती, पण बसमध्ये लोक कान टवकारतात, आणि एक जण जरी हसला तरी थोरलीचा बांध फुटतो. आज तिला गोष्ट शेवटपर्यंत सांगायचा सराव करायचा होता. सरावाला धाकटीच हवी होती, कारण धाकटी हसत नाही. म्हणजे बाई काही रडकी नव्हती. सकाळी उठून देवाचं नाव घ्यावं, हातातलं काम करावं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. विनोद तिला कळायचा, आवडायचासुद्धा, पण तो आतल्या आत जिरायचा. थोरली म्हणायची, हिला हसवायला ब्रह्मदेव आला तरी हात हलवत परत जाईल.

गोष्ट होती थोरलीच्या वडिलांची. ते सुतार होते. एका वकिलाच्या घरी त्यांनी भिंतभर कपाट केलं. शेवटच्या दिवशी एक बिजागरी करकरत होती, म्हणून ते हत्यारांची पिशवी घेऊनच कपाटात शिरले आणि दार नीट बसतं का ते बघायला आतून ओढून घेतलं. तेवढ्यात वकिलाची बायको आली. सुतार गेले असं समजून तिने किल्ली फिरवली आणि किल्ली घेऊन आत निघून गेली. सुतार हाक मारणार, तोच बाहेर पाहुण्यांचे आवाज. साधेसुधे पाहुणे नव्हते, वकिलाला ज्यांच्याशी गोड बोलावं लागायचं असे. आता कपाटातून हाक मारायची म्हणजे घरमालकाची शोभाच की. बाबा गप्प उभे राहिले. वकील कपाटाचं कौतुक सांगायला लागले. लाकूड असं, पॉलिश तसं, कपाट आवाज म्हणून करायचं नाही. पाहुणा मोठा चिकित्सक. लाकूड भरीव आहे की पोकळ ते बघायला तो पुढे झाला, बोट वाकवलं, आणि कपाटाच्या दारावर टक, टक, टक...

इथे थोरली संपायची. आजवर या टकटकीच्या पुढे ती गेली नव्हती, आणि गंमत म्हणजे ऐकणाराही पुढे जायचा नाही. ती हसायला लागली की समोरच्याची मुरकुंडी वळायची आणि शेवट विचारायचं राहून जायचं. तिच्या नवऱ्याने, म्हणजे धाकटीच्या भाऊजींनी, लग्नानंतर दोन-तीनदा विचारून पाहिलं आणि नाद सोडला. सुताराला आत शिंक आली असणार, असं त्यांनी आपलं ठरवून टाकलं होतं. शेवट कळला तर मग आयुष्यभर करायचं काय, असं म्हणत ते सायकलींची पंक्चरं काढत बसायचे.

थोरलीचा जन्म गेला शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करण्यात. हाताने काजं करायची, तीही एकसारखी, म्हणजे नजर आणि श्वास दोन्ही धरून ठेवायचे. तिथल्या मास्तरांनी तिच्यासाठी खास नियम काढला होता, काजं चालू असताना कपाट काढायचं नाही. इस्त्रीच्या आणि घड्या घालायच्या वेळी खुशाल काढा. नवी बाई कामाला आली की सुई-दोऱ्याबरोबर हा नियमही तिच्या हातावर ठेवला जायचा. तरी अधूनमधून कुणाला राहवायचं नाही. "ताई, पाहुणा आला का?" असं कुणीतरी हळूच विचारायचं आणि सगळी रांग हलायला लागायची. संध्याकाळी मास्तर एखादा शर्ट उजेडात धरायचे, वाकडं काज सगळ्यांना दाखवायचे आणि म्हणायचे, हा कपाटाचा. रागावायचे, पण स्वतः पाठ फिरवून. पाठ का फिरवायचे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

कारखाना सुटला, बोटांची पेरं जाड झाली, आणि थोरली घरी बसली. मग एक दिवस ग्रंथपालबाईंचा निरोप आला. वाचनालयात दर महिन्याला लहानथोरांसाठी हसऱ्या गोष्टींची बैठक भरायची. बाई एखाद्या पुस्तकातलं वाचायच्या आणि मग कुणीतरी तोंडी गोष्ट सांगायचं. कारखान्यातल्या एका बाईने थोरलीचं नाव सुचवलं होतं. थोरली हरखली, आणि तेव्हापासून तिची झोप उडाली.

पुलापलीकडे रस्ता खणून ठेवला होता. त्यामुळे दोन भिंतींमधल्या अरुंद बोळातून जावं लागलं, एकामागे एक. धाकटी पुढे, थोरली मागे. समोर नुसती पाठ आणि वेणी. चेहरा दिसेना, तशी मागून गोष्ट पुन्हा सुरू झाली. वकील आले, पाहुणे आले, टकटक झाली. धाकटीने श्वास रोखला. आणि आवाज न हलता पुढे गेला.

बाबा काही बोलले नाहीत. पाहुण्याने लाकूड छान आहे म्हटलं. चहा झाला, पाहुणे गेले. वकिलाच्या बायकोने कपडे ठेवायला कपाट उघडलं. बाबा बाहेर आले, बिजागरी एकदा हलवून पाहिली, हत्यारं उचलली आणि घरी आले.

धाकटी पुढचं ऐकायला थांबली. बोळ संपत आला तरी मागून काही येईना.

"मग?"

"मग काय. संपली."

दोघी उजेडात आल्या. थोरलीने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, कशी वाटली. खरं सांगू का, असं धाकटीने विचारल्यावर ती म्हणाली, "तुला दुसरं येतं कुठे?"

"टकटकीपर्यंत फार छान आहे, ताई. पुढे बाबा नुसते घरी येतात."

थोरली रागावली नाही. जे झालं ते झालं, पदरचं काय घालू, एवढंच म्हणाली. मग चालता चालता तिने सांगितलं की बाबा त्या दिवशी उशिरा आले तेव्हा आईने कारण विचारलं, आणि त्यांनी हातात करवत धरून, उंबऱ्यात उभं राहूनच हे सगळं सांगितलं, खिळ्यांचा भाव सांगावा तसं. टकटकीला आई जी फुटली, तिच्या मागोमाग मी. आम्ही दोघी जमिनीवर लोळतोय, आणि बाबा आपले उभे. यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना कळेना. पण सांगायचे थांबले नाहीत. कुणी ऐकत नव्हतं तरी पार बिजागरीपर्यंत सांगून मगच करवत खाली ठेवली.

"हाती घेतलेलं त्यांनी कधी अर्धं सोडलं नाही," थोरली म्हणाली. "आणि त्यांचीच गोष्ट मी जन्मभर अर्धी सोडत आलेय. आज एवढ्या पुस्तकांच्या देखत तरी पुरी व्हायला हवी गं."

धाकटीने मनातल्या मनात देवाला सांगितलं, एवढं हिला दारापलीकडे जाऊ दे.

वाचनालयाच्या खोलीत पुढे सतरंजीवर मुलं होती आणि मागे खुर्च्यांवर म्हातारी मंडळी. ग्रंथपालबाईंनी आधी एका पुस्तकातलं वाचलं. गोष्टीतला माणूस चिखलात पडला तेव्हा मुलं खिदळली आणि खुर्च्या गप्प. त्याच माणसाने बायकोला आपली बाजू पटवायला सुरुवात केली तेव्हा खुर्च्या हसल्या आणि मुलं एकमेकांच्या शेंड्या ओढायला लागली. एकाच खोलीत दोन खोल्या असाव्यात तसं चाललं होतं.

मग थोरली उभी राहिली. धाकटीला तिने सतरंजीच्या कडेला खुर्ची ओढून अगदी समोर बसवलं होतं, तो कोरा चेहरा नजरेसमोर असावा म्हणून. गोष्ट झकास निघाली. किल्ली फिरली, वकील गोड बोलले, पाहुणा पुढे झाला. थोरलीने आपलं जाड पेर वाकवून टेबलावर वाजवलं. टक, टक, टक. आणि थांबली. ओठ घट्ट मिटलेले. खोलीत हूं नाही की चूं नाही. तिने धाकटीकडे पाहिलं.

नेमक्या त्या क्षणी, मनात देवाचा धावा चालू असताना, धाकटीच्या डोळ्यांसमोर कपाटातला माणूस आला. त्या अंधारात, भुशाच्या वासात तो बिचारा काय करत असेल? आपण इथे बसून करतोय तेच. हात जोडून, डोळे मिटून, देवा, या पाहुण्यांना आता घरी ने.

आधी तिच्या नाकातून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज निघाला. मग ती हसली. अशी हसली की खुर्चीचा हात धरायला लागला. थोरलीने ते पाहिलं, तिचे डोळे विस्फारले, आणि झालं, तिचाही बांध फुटला. तिच्याबरोबर मुलं, मुलांबरोबर खुर्च्या. दोन्ही खोल्या एक झाल्या.

पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, मग त्यांनी काय केलं? थोरलीला बोलायला श्वास कुठे होता? शेजारचा मुलगाच म्हणाला, त्यांनीपण आतून टकटक केलं. लगेच चार-पाच मुलांनी पुस्तकांची कपाटं वाजवून दाखवली. मागून काठीवाले आजोबा म्हणाले, छे, कोण आहे, असं विचारलं असणार. एका आजींनी सांगितलं, माणूस थकलेला, उभ्याउभ्या झोपला असेल, आणि पाहुण्याला लाकडातून घोरणं ऐकू आलं असेल. थोरलीने दोनदा "बाबा..." म्हणून सुरुवात केली आणि दोन्ही वेळा तिला खाली बसावं लागलं. शेवटी कुणी विचारेनासंच झालं.

परतताना दोघी पुन्हा त्याच बोळाच्या वाटेने निघाल्या. धाकटीला चुटपुट लागली होती. देवाकडे एक मागितलं आणि आपणच त्यात मोडता घातला. "माझ्यामुळे राहिलं तुमचं," ती म्हणाली.

बोळ गेला, पूल आला. मग थोरली म्हणाली, "बाबा कपाट पुरं करायचे, पण आत काय ठेवायचं ते कधी सांगायचे नाहीत. ते ज्याचं त्याने." कठड्यापाशी येऊन तिने विचारलं, तू गं कशाला हसलीस?

धाकटीने सांगितलं. अंधार, भुसा, जोडलेले हात, आणि देवापुढचं गाऱ्हाणं. थोरलीला पुन्हा कठडा धरावा लागला. या वेळी धाकटीनेही धरला. खालून पाणी संथ चाललं होतं. आता जाणारे-येणारे दोघींकडेही बघत होते.

डोळे पुसून थोरलीने रुमालाची घडी केली, ती धाकटीच्या हातात दिली आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. तू आपली समोरच बस. आणि माझं एक काम कर. तो बोळातला शेवट आहे ना, तेवढा विसरून जा."