दुसऱ्या पिढीची गाडी

“क्लच आहे तो, पायपुसणं नाही. शी!”

मॅडमचं हे वाक्य ऐकलं नाही असा खडकीत गाडी शिकलेला माणूस मिळणं कठीण. ‘शी’ नेहमी शेवटी यायचं, आणि ते म्हणताना त्या ओठ असे मुरडायच्या की दुधात पडलेली माशी आपणच आहोत असं वाटावं. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे बाजाराच्या मागची एक खोली, बाहेर एक फळा आणि फळ्यासमोर ती छोटी जपानी गाडी. पहिल्या दिवशी मी त्यांना ‘काकू’ म्हटलं. “काकू घरी. इथं मॅडम,” म्हणाल्या आणि दार उघडून बाजूला झाल्या.

त्यांना सगळ्याचीच किळस यायची. शिकायला येणाऱ्यांच्या डोक्याच्या तेलाची, कारण ते सीटला लागायचं. अत्तराची, कारण ते पुढच्या दोन शिकाऊंना पुरायचं. मटण चापून, हात नुसते रुमालाला पुसून स्टिअरिंग धरणाऱ्यांची तर फारच. सिग्नल सुटायच्या आधीच मागे हॉर्न सुरू झाले की म्हणायच्या, “ह्यांच्या दाराला बेल नाही वाटतं. हौस भागवून घेतायत.”

गाडीला हात लावण्याआधी गाडीचा इतिहास ऐकावा लागे. गाडीचं नाव मी घेत नाही. तुमच्यातले निम्मे तीत बसलेले असणार आणि उरलेल्यांनी तिच्या मागे उभं राहून हॉर्न वाजवला असणार.

“जपानात गल्ल्या अरुंद, म्हणून ही जन्माला आली,” मॅडम सुरुवात करायच्या. “गल्ल्या आपल्याकडेही अरुंदच होत्या. माणसं रुंद झाली.”

पहिली पिढी चौकोनी, पत्र्याच्या डब्यासारखी. सकाळी चोक ओढून तिची मनधरणी करावी लागे. मॅडम स्वतः तिच्यावरच शिकल्या, नवऱ्याकडून. ते दारूगोळा कारखान्यात होते आणि मोजकं बोलायचे, त्यामुळे ‘शी’ म्हणायचं काम तेव्हापासून मॅडमकडेच असावं. दुसऱ्या पिढीत गाडीचे कोपरे गोल झाले, चोक गेला, पण स्टिअरिंग वळवायला दंडात जोर लागायचा आणि रस्त्यातला खडा न् खडा सीटखाली कळायचा. ही त्यांची लाडकी. त्यांच्या फळ्यासमोर उभी असायची तीच. तिसरी पिढी फुगली, बटणांनी भरली. मग कंपनीनं छोटी गाडी बंदच केली आणि तिचं नाव एका उंच, रागीट तोंडाच्या धुडाला दिलं. मॅडम मुद्दाम शोरूममध्ये जाऊन ते बघून आल्या.

“पोरगी गेली आणि तिचं नाव म्हशीला ठेवलं. शी!”

एकदा मी चालवत असताना बोपोडीच्या चौकात शेजारच्या मोठ्या गाडीतल्या माणसानं काच खाली केली आणि आमच्या दारावर पिचकारी मारली. मॅडम उतरल्या. हातात गाडीतलं ओलं फडकं. त्या माणसापुढे ते धरून म्हणाल्या, “पुसा.” तो हसला. मॅडम हसल्या नाहीत. सिग्नल सुटला, मागे शंखनाद सुरू झाला, मॅडम तशाच उभ्या. शेवटी तो गृहस्थ उतरला आणि त्यानं आमचं दार पुसलं. “खालची पट्टी राहिली,” मॅडम म्हणाल्या. त्यानं तीही पुसली. ते फडकं मॅडमनी दोन बोटांनी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि घरी जाईपर्यंत माझ्याशीसुद्धा बोलल्या नाहीत. जणू थुंकले मीच होते.

लायसन मिळालं म्हणून शिकवणी संपत नसे. “आरटीओ लायसन देतं. ड्रायव्हर मंडई करते,” हे त्यांचं मत. रविवारी सकाळी, हातगाड्या, टोपल्या आणि पिशव्या घेतलेले पेन्शनर यांच्यामधून गाडी काढून दाखवायची. माझ्या चाकाखाली एका मावशीचे टोमॅटो गेले. मॅडमनी मला खाली उतरवून माफी मागायला लावली.

“ऱ्हाऊ द्या ओ, टमाटंच हाय,” मावशी म्हणाली.

“आज टोमॅटो आहे,” मॅडम म्हणाल्या आणि मला पुन्हा सुरुवातीपासून चालवायला लावलं.

मात्र एका बाईंना त्या कधीच ‘शी’ म्हणाल्या नाहीत. बाई पन्नाशीच्या. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आलेला, त्याला दवाखान्यात न्यायला आणायला दुसरं कोणी नाही. बाईंची गाडी प्रत्येक चढावर बंद पडायची आणि त्या रडायला लागायच्या. मी मागच्या सीटवर माझ्या पाळीची वाट बघत असायचे. “पडली बंद? पडू दे,” मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणायच्या. “गाडी आहे ती. परत चालू होते.” मागचे हॉर्न वाजवत राहायचे आणि मॅडमना जणू ते ऐकूच यायचे नाहीत.

पुढे जुनी गाडी शिकवायच्या कामाला चालणार नाही, असा नियम आडवा आला. मॅडमचे गुडघेही तोवर गेले होते, आणि येणारा प्रत्येक जण विचारायचा, “ऑटोमॅटिकवर शिकवता का?” मॅडमनी फळा पुसून टाकला. गाडी विकायलाही त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. घेणाऱ्यानं ती रोज चालवायची. “चालत राहिली तर मला पुरून उरेल. उभी राहिली की मेली.” एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती.

मग गिऱ्हाइकांच्या मुलाखती सुरू झाल्या. एकाला सुटे भाग हवे होते. “देहदान करायचं नाहीये,” म्हणून त्याला दारातूनच वाटेला लावला. शेवटी एक तरुण आला. बोलणं लोण्यासारखं, प्रत्येक वाक्यात ‘आपण’. त्यानं मॅडमना शेजारी बसवून मंडईतून गाडी काढली, आणि गरज नसताना एकदाही क्लचवर पाय ठेवला नाही.

“रोज चालवीन. आपण निर्धास्त राहा,” तो म्हणाला.

“शोभतो गाडीला,” मॅडम मला नंतर म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं कौतुक ते तेवढंच.

मी हिंजवडीत नोकरी करते. ऑफिसातल्या कोणाच्या तरी वाढदिवसाला आम्ही बालेवाडीच्या एका नव्या कॅफेत गेलो, आणि तिथे भिंतीतून अर्धी गाडी बाहेर आलेली मी पाहिली. छत कापलेलं, मागचा भाग नाहीसा, बॉनेटवर सॉसच्या बाटल्या आणि खरकटे कागदी पेले. पुढच्या दोन सीटवर बसून लोक फोटो काढत होते. डावीकडच्या सीटपुढेही शिकवणाऱ्यासाठी असतात तसे क्लच आणि ब्रेक होते, म्हणून ओळखू आली. वर पाटी होती, ‘पहिल्या पिढीची जपानी राणी’. इतिहासही चुकलेला. गल्ल्यावर तोच लोणी माणूस बसला होता. मला इतकी घाण वाटली की मी केक न खाता बाहेर आले.

मॅडमना सांगावं की नाही, यावर मी फार विचार केला नाही. त्यांना फसवणाऱ्यांत मला माझी भर घालायची नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “रिक्षा बोलाव.”

मॅडम गेल्या थंडीत गेल्या. शेवटी शेवटी त्या मुलाकडे होत्या, अंथरुणावर. मी भेटायला जायचे. पण डोळ्यांपुढे येतात त्या आम्ही रिक्षानं कॅफेत गेलो त्या दुपारच्या मॅडम.

एक मुलगी डॅशबोर्डवर बूट ठेवून बर्गर खात होती. “पाय,” मॅडम म्हणाल्या. तिनं पाय खाली घेतले आणि का कोण जाणे, उठूनच गेली. मॅडम गुडघ्याला हात देत डावीकडे बसल्या. मी उजवीकडे. त्यांनी क्लच दाबला. तो काही न अडता खाली गेला आणि तिथेच राहिला, तार तुटली होती. मी ‘शी’ची वाट बघत होते. ते आलं नाही.

“गिअरमध्येच ठेवलीय,” त्या हळू म्हणाल्या. त्यांनी गाडी न्यूट्रलला आणली, रुमाल काढून स्टिअरिंगवरचा सॉस पुसला. मग हँडब्रेक ओढला. तो वर आला, पण खटका पडला नाही. हात काढला असता तर खाली आला असता, म्हणून त्या तो वरच धरून बसल्या.

तो तरुण लगबगीनं आला. चेहऱ्यावर तेच हसू. “अहो मॅडम, आपण. सांगायचं ना येताय ते. लोकांना किती आवडतेय बघा ही.”

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवला.

“सोडा ना तो, मॅडम,” तो समजुतीनं म्हणाला. “ती आता कुठे जाणारे?”

मॅडमनी ब्रेक सोडला, माझा आधार घेऊन खाली उतरल्या आणि दार लावायला वळल्या. दार नव्हतंच.