चार वाजताचा पहिला घोट

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी पुस्तकांचे फर्मे, म्हणजे दुमडलेल्या छापील पानांचे जुडगे, शिवते, आणि माझी जीभ सुईपेक्षा जास्त टोचते असं फोरमन म्हणतो. म्हणू दे. पण चहावाल्या मावशींची गोष्ट मीच सांगायला हवी, कारण त्यात सगळ्यांबरोबर मीही शेण खाल्लंय.

दुपारी चारला मावशी कागद कापणाऱ्या कटिंगवाल्याकडे नुसतं बघायच्या की तो मशीन बंद करायचा. आम्ही अकरा जण बोटांची खळ धुऊन लांब टेबलाभोवती उभे राहायचो. मावशी किटलीतून कप भरायच्या, आणि पहिला कप हातोहात टेबलाच्या पार टोकाला जायचा, मग दुसरा, मग तिसरा. अकरावा कप हातात पडेपर्यंत कुणी तोंड लावायचं नाही. बोलायचं तर नाहीच. मग त्या म्हणायच्या, "घ्या." सगळ्यांनी एकदम पहिला घोट घ्यायचा, आणि मावशी एकेका चेहऱ्याकडे सावकाश बघत जायच्या. शेवटचा चेहरा झाला की "बरं" म्हणायच्या, मग पुन्हा गलका. स्वतः मात्र घोटभरही घ्यायच्या नाहीत.

नवीन माणूस पहिल्या दिवशी हसायचंच. मीही हसले होते. म्हातारीला कौतुक हवंय म्हणून हे रोजचं नाटक, असं मी कितीदा म्हटलं असेल. पण खरं सांगते, दिवसभरात त्या एका घोटापुरतंच मला कळायचं की आपल्या तोंडात काय आहे. एरवी घरी मी चहा ढोसते, पीत नाही.

मागच्या वर्षी मावशींचे यजमान गेले. पंधरा दिवसांनी मावशी परत आल्या त्या निम्म्या होऊनच. घरी आता बोलायला भिंती आहेत, हा चारचा चहा तेवढा उरलाय, असं मला हात धुताना म्हणाल्या. त्याच दिवशी फोरमनने आम्हाला बाजूला घेऊन बजावलं की चहा कसाही होवो, कुणी तोंड वाकडं करायचं नाही. माझ्याकडे बघून ते त्याने दोनदा सांगितलं.

चहा कडूजहर होता. मावशी नसताना मालकांनी दुसरीच पत्ती आणली होती, चांगली कडक, आणि मावशींनी ती टाकली जुन्याच मापाने. आम्ही अकराच्या अकरा जण हसलो. कटिंगवाला तर डोळे मिटून मान डोलवत राहिला. मावशी "बरं" म्हणाल्या, पण जरा थांबून.

दुसऱ्या दिवशी चहा आणखी कडू. तिसऱ्या दिवशी नुसता पाक. चौथ्या दिवशी काय होता ते देव जाणे. आम्ही आपले हसतोय. आपण किती चांगले, असंही मला वाटत होतं.

आठव्या दिवशी मावशींनी चहा-साखरेच्या कपाटाची किल्ली फोरमनपुढे ठेवली. मला आता हे जमत नाही, आजचा चहा शेवटचा, उद्यापासून दुसरी बाई बघा, एवढंच बोलल्या. चहा किती छान होतो म्हणून फोरमन समजूत घालायला लागला. त्या त्याच्याकडे न बघता कप मांडायला लागल्या.

कप हातोहात फिरले. त्या म्हणाल्या, "घ्या."

मी घोट घेतला आणि माझा चेहरा माझं ऐकेना. नाक मुरडलं, डोळे घट्ट मिटले, आणि तो घोट मी कपात परत थुंकले. फोरमनने माझा दंडच धरला. आता झालंच आहे तर होऊन जाऊ दे म्हणून मी बोलूनही टाकलं, "मावशी, हा चहा नाही, विष आहे. आठ दिवस झाले."

मावशींनी टेबलाची कड धरली. मला वाटलं, पडतात आता. पण त्या माझ्याजवळ आल्या आणि हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"कुठे लागतंय? जिभेला की घशात?"

घशात, मी म्हटलं, कडू.

"अकरा वर्षं झाली," मावशी म्हणाल्या. "तापात माझी चव गेली, वासही गेला. मी तुमच्या तोंडाकडे बघून चहा करते. रोज पत्ती-साखर बदलून बघितली, तरी तुम्ही सगळे आठ दिवस नुसते हसताय. मला वाटलं, आता तुमच्या तोंडावरचंही मला दिसेनासं झालं."

कुणाच्या भुवईवरून पत्ती, कुणाच्या ओठावरून साखर, आणि अकरा वर्षांत एक चहा बिघडला नव्हता. ह्या बाईला मी नाटकी म्हणत होते. आणि आम्ही शहाण्यांनी प्रेमापोटी तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. फोरमन खाली मान घालून उभा होता. त्याने किल्ली हळूच मावशींच्या हातात ठेवली.

पातेलं पुन्हा चढलं. पत्ती निम्मी केली, तर कटिंगवाल्याने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं, आणि मावशी कितीतरी दिवसांनी हसल्या. साखर जरा वाढवली. तिसऱ्या खेपेला अकरा कप पुन्हा हातोहात गेले. मालक दारात येऊन उभे होते, पण चारचे साडेपाच झाले तरी कामाला लागा म्हणाले नाहीत.

"घ्या."

मी घोट घेतला आणि माझे डोळे भरून आले. मावशींनी ते बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. पातेल्याकडे वळल्या तसा मी त्यांचा हात धरला.

"कडू नाही," मी म्हटलं. "मावशी, कडू नाही."

तरी खात्री होईपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं."