डोबरमनच्या पिल्लाची आई

सेवेतली मोठमोठी प्रकरणं आता तारखांसकट पुसट झाली आहेत. डोबरमनच्या पिल्लाचं ते किरकोळ प्रकरण मात्र मनातून जात नाही.

मी तेव्हा आळंद तालुक्यातल्या एका ठाण्यावर पीएसआय होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात मादन हिप्परग्याजवळच्या शेतात एकट्या राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका लेखी तक्रार घेऊन आल्या. राखणीसाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुत्रं घेतलं होतं. गुलबर्गा रस्त्यावर, आमच्याच हद्दीतल्या एका विक्रेत्याकडून, जातिवंत डोबरमन म्हणून. दुसऱ्याच दिवशी पिल्लाला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची हगवण, आणि चौथ्या दिवशी ते गेलं. विक्रेता म्हणाला, "म्हशीचं दूध पाजून तुम्हीच मारलं."

"पैसे परत पाहिजेत का?" मी विचारलं.

"पैशाचं राहू द्या, साहेब. माझ्या हातानं मेलं का, तेवढं बघा. मी खरंच घरच्या म्हशीचं दूध पाजलं होतं."

मी त्यांच्याकडेही संशयानेच पाहिलं. तक्रारदार स्वतःची चूक आधी सांगू लागला की माझे कान टवकारत. त्या गेल्यावर हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "साहेब, आता कुत्र्याच्या मयताचा बी तपास करायचा व्हय?"

दोन दिवसांनी त्यालाच खबर लागली. विक्रेत्याकडे दूध घालणारा गवळी म्हणाला, "दर पंधरा दिवसाला टेम्पोतनं पिल्लं उतरायलेत. कुत्री मात्र तिथं एकच हाय."

मी साध्या कपड्यात गिऱ्हाईक म्हणून जायचं ठरवलं. एकटा पुरुष पोलिसासारखा दिसतो, म्हणून पत्नीला सोबत घेतलं. तिचं माहेर करजगीचं. म्हशींच्या गोठ्यात वाढलेली.

विक्रेता गोडबोल्या होता. "या अण्णा, या अक्का" म्हणत त्याने शेड दाखवली. एका पिंजऱ्यात सहा पिल्लं, शेजारी साखळीला तुकतुकीत काळी कुत्री. "ही आई. बापाचे कागद हायेत. पाच आठवड्यांची झाली पिल्लं." आम्ही कुठे राहतो, घरी कोण असतं, यापूर्वी कुत्रं पाळलं का, यातलं त्याने काहीही विचारलं नाही. जनावर कुणाच्या घरी चाललंय याची फिकीर नसलेला माणूस मला तिथेच खटकला. पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे.

मी कागद चाळत होतो. पत्नी कुत्रीसमोर उकिडवी बसली होती.

"दूध पाजती का ही?"

"पाजायची की, अक्का. आता आटलंय."

"कवा आटलं?"

"झाले असतील चार दिस."

"चार दिसात आचळं अशी चिकटून बसत न्हाईत, दादा. ही कधी व्यालीच न्हाई. एक पिल्लू सोडा बरं तिच्याजवळ."

"कामून? आता ती चिडती, अक्का."

"आई हाय न्हवं?" पत्नी हसली.

त्याचं हसू मात्र थांबलं. मी कागद खाली ठेवले आणि ओळख दिली.

त्याच दुपारी सरकारी पशुवैद्यकांना बोलावून पंचांसमक्ष पंचनामा केला. कुत्री कधीच व्यायलेली नव्हती. पिल्लांना एकही लस टोचलेली नव्हती. दोन आजारी होती, त्यांनाही तीच रक्ताची हगवण. ठाण्यात विक्रेत्याने आधी डॉक्टरांना दोष दिला, मग गवळ्याला, मग हवेला. मी एकच प्रश्न विचारत राहिलो, "आई कुठाय?" संध्याकाळी तो म्हणाला, "मी बघितलीच न्हाई, साहेब. टेम्पोवाला आणून देतो." कुत्री त्याने गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरती विकत घेतली होती. कागद बनावट निघाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाईंच्या पिल्लाबद्दल जबाब दिला. रक्ताच्या हगवणीचा हा रोग अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला निदान तीन-चार दिवस जातात. दुसऱ्याच दिवशी उलट्या झाल्या, म्हणजे पिल्लू विकलं तेव्हाच आजारी होतं. म्हशीच्या दुधाने फार तर पोट बिघडलं असतं.

मी जबाब फायलीला लावला आणि टेम्पोवाल्याच्या मागे लागलो. तो सापडला, दोषारोपपत्र गेलं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. बाईंच्या शेतावर गेलो तेव्हा त्या जबाबाला तीन आठवडे उलटले होते.

त्यांनी टेम्पोवाल्याबद्दल काहीच विचारलं नाही. मी डॉक्टरांचा जबाब वाचून दाखवला.

"परत एकदा वाचा."

परत वाचला.  मग त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं, साहेब?"

मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "तीन आठवडे मी म्हशीला हात लावला न्हाई," एवढंच म्हणाल्या.

आज पत्नी नाही. पिल्लू घ्यायचं म्हणून कुणी सल्ला विचारला की मी तिचंच सांगतो : कागदाआधी आई बघा, पिल्लू तिच्याजवळ सोडायला लावा, आणि तुम्हाला एकही प्रश्न न विचारणाऱ्याकडून घेऊ नका. माझा स्वतःचा धडा मात्र वेगळा आहे. आरोपीला कोंडीत पकडायला मला एक दिवस लागला. एका निर्दोष बाईला ती निर्दोष आहे हे सांगायला तीन आठवडे लागले, आणि तो उशीर कुठल्याच फायलीत नोंदलेला नाही.