आत्याच्या चुलीतला विस्तव

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर खोटारडे म्हणत आलोय. तरी आज इथे लिहितोय... कारण ते आठवलं की अजून डोकं तापतं.

नव्वदच्या दशकाची अखेर. तालुक्याच्या गावी, जोयड्यात, गावांची पाहणी करणाऱ्या एका संस्थेचं छोटं ऑफिस होतं, तिथे मी टायपिस्ट. साहेबांनी बाहेरून एक कॉम्प्युटर आणला होता. तो रोज फोनच्या लाइनवरून इंटरनेटवरची पानं वाचायचा आणि त्यातून आपली आपण माहिती शिकून यादी करायचा — कुठे काय आहे, कोण राहतं. प्रत्येक ओळीखाली ती कुठल्या पानातून घेतली, त्याचं नाव. साहेबांना त्याचा भारी अभिमान!

बाजारकुणंगच्या पुढे जंगलात माझ्या बायजाआत्याची सात घरांची वाडी. आमच्या यादीवरून तिथे पाण्याची बोअर मिळणार होती. साहेब जीप घेऊन पाहणीला गेले... ते नेमके उळवीच्या जत्रेदिवशी! दारं दोरीनं बांधलेली, कुठे चुलीचा धूर नाही. रिपोर्टात आलं — 'वस्ती नाही'. रिपोर्ट इंटरनेटवर चढला, आणखी दोघांनी तो जसाच्या तसा आपापल्या पानांवर उतरवून घेतला, आणि मशीननं तिन्ही पानं वाचून ते पक्कं करून टाकलं. बोअर रद्द.

आत्या तरातरा ऑफिसात आली.

"आमी जत्रंला गेल्तो, मेलो न्हवतो! त्या पेटीला सांगा की, आमी हाय म्हणून."

"आजी, मशीन ऐकत नाही, वाचतं," साहेब म्हणाले. "तीन पानं सांगतात, वस्ती नाही."

"मग मी कोन हाय?"

साहेब हसले. हसले! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच आठवड्यात झाड पडून फोनची तार तुटली. चार दिवस लाइन बंद. पाचव्या दिवशी सकाळीही ती आली नव्हती, तेव्हा साहेबांनी माझ्यासमोर खोलीचं कुलूप काढून मशीन सुरू केलं... आणि यादीत नवी ओळ! इंग्रजीत. 'वाडीत बायजा राहते. जत्रेला जाताना तिने चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवला होता.' खाली पानाचं नाव — कोरं.

"हे तू घातलंस!" साहेब माझ्यावर खेकसले. किल्ली त्यांच्याच खिशात असायची. आणि विस्तवाचं मला तरी कुठे ठाऊक होतं? त्यांनी ओळ पुसली. यादी पुन्हा उघडली, तर जागच्या जागी. तीनदा पुसली, तीनदा आली. शेवटी त्यांनी वायरच उपटली.

संध्याकाळी वाडीवर जाऊन मी आत्याला विचारलं.

"व्हय, झाकला हुता. आल्यावर चूल पेटवाय नको? पर तुला कुनी सांगितलं?"



पुढे कॉम्प्युटरवाल्या पुष्कळांना विचारलं. बिघाड असेल, म्हणतात. बिघाडाला आत्याच्या चुलीतलं कसं कळलं, ते कुणी सांगत नाही. मलाही आजतागायत कळलेलं नाही. रिपोर्ट काही बदलला नाही, आणि आत्या अखेरपर्यंत नाल्यावरून घागरी वाहत राहिली.

साहेबांचा राग तर येतोच. पण तो रिपोर्ट टाइप मी केला होता. 'वस्ती नाही' हे शब्द माझ्या बोटांनी उमटवले... आणि त्या दिवशी उळवीची जत्रा होती, हे मला चांगलं ठाऊक होतं. साहेबांपुढे मी तोंड उघडलं नाही.