भित्र्या काकू

काकूंइतकं भिणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. त्या पालीला भीत, विजेला भीत, कुकरच्या शिट्टीलाही दचकत. आणि यातलं काहीच लपवत नसत. मोठी माणसं आपली भीती झाकून ठेवतात, असं मी घरी पाहिलं होतं. काकू मात्र सगळ्या मुलींसमोर सरळ म्हणत, "मले भेव लागते वं, कोणीतरी चला माह्यासंगं." मग आमच्यातली एखादी हसत हसत त्यांच्यासोबत गच्चीवरचे कपडे आणायला जाई. मागे आम्ही त्यांना भित्र्या काकू म्हणत असू. बहुधा त्यांना ते माहीत होतं.

त्या यवतमाळला आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. यजमान कॉलेजच्या कचेरीत होते, ते वारल्यावर काकूंना ही नोकरी मिळाली होती. मी ढाणकीहून आले होते. आमच्या घरात कॉलेज पाहणारी मी पहिलीच, त्यामुळे मला फीच्या खिडकीपासून इंग्रजीच्या तासापर्यंत प्रत्येक गोष्टीची धास्ती वाटे. एवढ्या वयाची बाई पालीला भिते, हे पाहून मला थोडा धीर येई.

ती कापसाची वाईट वर्षं होती. वसतिगृहाचा एकच फोन काकूंच्या खोलीत असे. तो वाजला की मेसमधल्या गप्पा थांबत. फोनवर वाईट बातमी आली, तर काकू ती मुलीला उभ्याने कधी सांगत नसत. तिला खोलीत बोलावत, पलंगावर बसवत आणि पुढ्यात पोह्यांची बशी ठेवून म्हणत, "आधी दोन घास खा. मंग बोलू." रडून रिकाम्या पोटी एसटीचा प्रवास करायचा, तर मुलीला चक्कर येईल, एवढंच त्यांच्या मनात असे. पण पुढे पुढे आम्हाला त्या बशीचीच भीती बसली. एकदा त्यांनी केळापूरच्या एका मुलीला सहज बोलावून बेसनाचा लाडू दिला, तर ती लाडू हातात धरूनच रडायला लागली. "अवं, काही नाही झालं, उरला होता म्हणून देल्ला," असं काकू पुन्हा पुन्हा सांगत होत्या आणि स्वतःही रडत होत्या.

अशा दिवसांत रश्मीने त्या डीव्हीडी आणल्या. रश्मी आमच्या वर्गातली, यवतमाळचीच; तिच्या नागपूरच्या मावसभावाकडे असल्या गोष्टी असत. ती एक जपानी कार्टून मालिका होती. कार्टून म्हणजे लहान मुलांचं, या समजुतीवर काकूंनी परवानगी दिली. त्यात माणसांना झपाटणारी भुतं होती आणि गावोगाव फिरून ती उतरवणारे एक बहीणभाऊ. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. बारावीत मला इंग्रजीत बरे मार्क होते, म्हणून ती अक्षरं वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी अडखळत सांगायचे. एक्सॉर्सिस्टला काय म्हणावं ते मला सुचेना, तेव्हा काकू म्हणाल्या, "मांत्रिक म्हण ना, सोपं." रश्मी म्हणाली की जपानी मांत्रिक कोट घालतात. काकू म्हणाल्या, "घालू दे बापा. भूत उतरल्याशी मतलब."

रविवारी दुपारी लाइट असली की आम्ही खिडक्यांवर चादरी टाकून हॉलमध्ये बसायचो. काकूही यायच्या, पण टीव्हीकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून बसायच्या. हातात लसूण नाही तर शेंगा असत. "तुमचे तोंडं पाहूनच मले सगळं समजते," असं त्यांचं म्हणणं. आम्ही किंचाळलो की त्याही किंचाळत, बहुतेक वेळा आमच्यापेक्षा जोरात.

वनिता माझ्या खोलीतली. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची, घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलणारी, पण आमच्याशी वऱ्हाडीत असं बोलायची की हसून पोट दुखावं. दिवाळीनंतर तिच्या पुढ्यात ती बशी आली. तिचा मोठा भाऊ गेला होता. भावानेच हट्ट करून तिला कॉलेजात घातलं होतं. शेतात, फवारणीचं औषध पिऊन, एवढंच आम्हाला कळलं. तेरवी करून ती परत आली आणि अगदी शहाण्यासारखी राहू लागली. वेळेवर उठायची, तासाला जायची, कुणी हसलं की हसायची. वनिता सावरली, असं सगळ्या म्हणाल्या. मीही म्हणाले.

त्या रविवारच्या भागात एक म्हातारी होती. तिचा मेलेला मुलगा दाराबाहेरून तिला हाका मारतो. आवाज मुलाचा, पण बाहेर उभं असतं भूत. कोटवाला भाऊ ओरडून सांगतो, दार उघडू नको, आणि म्हातारी उठून कडीला हात घालते. कडी निघाली तेव्हा हॉलभर किंकाळी उठली, रश्मीने माझ्या दंडात नखं रुतवली. त्या दिवशी काकू मात्र किंचाळल्या नाहीत.

नंतर भांडी लावताना त्यांनी मला हळूच विचारलं की मी वनिताकडे पाहिलं का. नव्हतं पाहिलं. काकू म्हणाल्या, "साऱ्याइनं डोळे झाकले. वनिता एकटी पाहून राह्यली होती. जशी तिलेच कोणी हाक मारली." मी म्हटलं की वनिता पहिल्यापासून धीट आहे. काकूंचे हात थांबले. "धीट नोको म्हणू तिले. जिले कायचंच भेव नाही उरलं, तिचं मले भेव लागते."

काकूंनी असा चेहरा आधी कुठे पाहिला होता, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी वनिताचा पलंग आपल्या खोलीत हलवला. एकटीला भीती वाटते, ते भूत डोळ्यांसमोरून जात नाही, असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या. काकूंनी तर टीव्ही पाहिलाही नव्हता, म्हणून मुली खूप हसल्या. कुणाला काही वेगळं वाटलं नाही, कारण भिणं हा काकूंचा स्वभावच होता. वनिताही हसत गेली. मग काकू तिला कुठेच एकटं सोडेनात. गच्चीवर, बाजारात, दळणाला, सगळीकडे वनिता सोबतीला. वनिता माझ्याकडे कुरकुर करायची, "बाई हाय का लेकरू? संडासालेबी मी दाराशी उभी पायजे."

पुढचं मला वनिताने वर्ष संपताना, सामान बांधताना सांगितलं. तेरवीनंतर घरून येताना तिने ट्रंकेच्या तळाशी फवारणीच्या औषधाची एक बाटली आणली होती. काकूंनी ट्रंक कधी तपासली नाही, एक प्रश्न विचारला नाही. फक्त रात्री वनिता जरा हलली की अंधारातून आवाज यायचा, "कुठं चालली वं? मले भेव लागते." एके सकाळी काकू दूध तापवत असताना तिने स्वतःच ती बाटली काढून ओट्यावर ठेवली. काकू बाटलीला हात लावायलाही भ्यायल्या. दूध उतू गेलं, त्या भिंतीला टेकून तशाच खाली बसल्या. शेवटी वनितानेच त्यांना पाणी दिलं. मग दोघींनी मिळून मागच्या पडीक जागेत खोल खड्डा केला आणि बाटली पुरली. हे सांगताना वनिता इतकी रडली की तिची जीप चुकली.

वसतिगृह सोडताना मी काकूंच्या पाया पडले आणि धीर करून बोललेच. म्हटलं, वनितासाठी तुम्ही भीतीचं सोंग छान केलंत.



"सोंग कायचं वं?" त्या म्हणाल्या. "माहा डोळा लागला अन् ते पोरगी उठून गेली त? त्या भेवानं मी झोपलीच नाही."